कोल्हापुरात राहून लेखनाची कामं कशी मिळवायची: नव्या फ्रीलान्सरसाठी

कोल्हापुरात कुणाला सांगितलं, ‘मी लेखनाचं काम करतो’, की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कुठल्या पेपरात?’ पेपरात नाही म्हटलं की ‘मग कविता करता होय?’ यापलीकडे लेखन हा धंदा असू शकतो हे समोरच्याच्या ध्यानात येत नाही. त्यात त्याची चूक नाही. पण याच शहरात रोज कुठे ना कुठे कॅटलॉग छापला जातो, पतसंस्थेचा अहवाल निघतो, हॉटेलचं मेनूकार्ड बदलतं, वेबसाइट तयार होते. त्यातला मजकूर कुणीतरी लिहितंच: मालकाचा पुतण्या, डीटीपी करणारा मुलगा, नाहीतर गेल्या वर्षीचं पत्रक. तुम्हाला त्या जागी जायचं आहे. काम आहे, फक्त ते ‘लेखन’ या नावाने कुणी शोधत नाही.

हा लेख मराठीत किंवा मराठी-इंग्रजी दोन्हीत लिहू शकणाऱ्या, नोकरी सोडलेल्या किंवा सोडायच्या विचारात असलेल्या माणसासाठी आहे. ऑनलाइन कामं देणाऱ्या परदेशी साइट्सबद्दल इथे काही नाही. तिथे तुमची स्पर्धा सगळ्या जगाशी असते. शिरोलीच्या कारखानदाराच्या केबिनमध्ये ती फार तर दोघातिघांशी असते.

१. ‘लेखन’ विकू नका, वस्तू विका

‘कंटेंट रायटिंगच्या सर्व सेवा’ असं कार्ड छापलंत तर ते खिशात जाईल आणि धुण्यात निघेल. त्याऐवजी समोरच्याला हातात धरता येईल अशी वस्तू सांगा: मशिनचा कॅटलॉग, संस्थेचा वार्षिक अहवाल, अमृतमहोत्सवाची स्मरणिका, वेबसाइटची पाच पानं, उत्पादनाच्या पॅकिंगवरचा मजकूर. सुरुवातीला दोनच निवडा.

निवडताना आजूबाजूला काय पिकतं ते बघा. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी इथे फाउंड्री आणि मशिनिंगवाले आहेत. इचलकरंजीत कापड, हुपरीत चांदी, गुजरीत सराफ. शिवाय साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्था, शाळा-कॉलेजं, आणि पन्हाळा-जोतिबाच्या वाटेवरची हॉटेलं. ज्या धंद्यातलं तुम्हाला थोडं तरी कळतं तिथून सुरुवात करा. वडील टर्नर असतील तर तुम्हाला ‘टॉलरन्स’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ही मोठी जमेची बाजू आहे आणि बहुतेक लिहिणारी मुलं ती लपवतात.

२. क्लायंट नसताना नमुने तयार करा

‘आधीचं काम दाखवा’ आणि ‘काम मिळाल्याशिवाय दाखवू काय’ या चक्रातून बाहेर पडायचा सरळ रस्ता म्हणजे अस्तित्वात असलेला वाईट मजकूर घेऊन तो नीट करणं. एका फाउंड्रीच्या वेबसाइटवर साधारण असं असतं:

‘आमची कंपनी गेल्या अनेक वर्षांपासून दर्जेदार कास्टिंग्ज पुरवत असून ग्राहकांचे समाधान हेच आमचे ब्रीद आहे. अत्याधुनिक यंत्रसामग्री व अनुभवी कामगारवर्ग ही आमची बलस्थाने आहेत.’

यातलं नाव बदललं की हा मजकूर पापडाच्या कारखान्यालाही चालतो. आता हे बघा:

‘ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न कास्टिंग्ज, अर्ध्या किलोपासून ४० किलोपर्यंत. ओतकाम आणि मशिनिंग एकाच आवारात, त्यामुळे पार्ट फिनिश होऊनच बाहेर पडतो. प्रत्येक हीटचा केमिकल रिपोर्ट मालासोबत येतो.’

दुसऱ्या मजकुरात शब्दांची कमाल काहीच नाही. त्यामागे विचारलेले प्रश्न आहेत. कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन किती? मशिनिंग स्वतः करता की बाहेरून? तपासणी कशी होते? माल परत आला तर काय करता? जुनं गिऱ्हाईक तुम्हाला सोडून का जात नाही? या शेवटच्या प्रश्नावर मालक थोडा वेळ गप्प बसतो आणि मग जे बोलतो ते जवळजवळ जसंच्या तसं छापता येतं. ते त्याच्याच शब्दात लिहून घ्या.

असे ‘आधी-नंतर’ तीन नमुने एका पीडीएफमध्ये ठेवा. कंपनीचं नाव काढून टाका. ज्याची खोड काढली तो उद्याचा क्लायंट असू शकतो, आणि कोल्हापूर लहान आहे. ज्या नमुन्यात आकडे कल्पनेने घातले असतील तिथे ‘नमुना’ असं स्पष्ट लिहा.

‘हे तर चॅटजीपीटी फुकटात करतं की’ असं हमखास ऐकायला मिळेल. वाद घालू नका. वरचे प्रश्न विचारायला सुरुवात करा. त्या यंत्राला तुमच्या गिऱ्हाइकाच्या शॉपफ्लोअरवर काय चालतं हे माहीत नसतं, ते वरच्या जुन्या मजकुरासारखं छान गोलगोल लिहून देतं. हे मालकाला दोन मिनिटांत दिसतं.

३. कागदपत्रं आणि साधनं

एकदा बसून पुढच्या गोष्टी तयार करा:

– पॅन, आधार, बँक खातं आणि एक रद्द केलेला चेक. मोठी कंपनी तुम्हाला ‘व्हेंडर’ म्हणून नोंदवताना हे मागतेच.
– उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद झाल्याचं प्रमाणपत्र. आधार आणि पॅनवर घरबसल्या होतं, सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत. सर्च केल्यावर सरकारीसारख्या दिसणाऱ्या खासगी साइट्स वर येतात आणि फी मागतात. पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतोय ना ते बघूनच आधार नंबर टाका.
– बिलाचा नमुना: बिल नंबर, तारीख, कामाचं वर्णन, रक्कम, पॅन, उद्यम नंबर, खात्याचा तपशील.
– जीएसटी नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे लागत नाही. ‘जीएसटी नाही म्हणजे बिल नाही’ असं म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा. साधं बिल चालतं.
– यूनिकोड मराठी टायपिंग, इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकलात तर उत्तम. आणि एक फॉन्ट कन्व्हर्टर, त्याचं कारण पुढच्या मुद्द्यात.
– एक वही किंवा एक्सेल शीट: नाव, धंदा, कधी बोललो, काय म्हणाले, पुढचा फोन कधी.

व्हिजिटिंग कार्ड लागतंच. पण त्याच्या पाठीमागे कोऱ्या जागेऐवजी तुमच्या दोन ‘वस्तू’ लिहा.

४. आधी मधल्या माणसांना भेटा

पहिलं काम थेट मालकाकडून येईल अशी आशा धरू नका. ते मालकाच्या आसपासच्या माणसाकडून येतं: प्रिंटिंग प्रेसवाला, ग्राफिक डिझायनर, वेबसाइट करून देणारा, इंडस्ट्रियल फोटोग्राफर, जाहिरात एजन्सी. या सगळ्यांचं दुखणं एकच. डिझाइन तयार असतं, मशिन मोकळं असतं आणि ‘मॅटर’ आलेलं नसतं. मालक रोज म्हणतो उद्या देतो. मॅटर वेळेत आणून देणारा माणूस त्यांना देवासारखा.

त्यांना भेटलात की ‘मला काम द्या’ म्हणण्याऐवजी विचारा, ‘मॅटरसाठी अडकलेलं काही आहे का?’ बहुतेक वेळा असतं. लेखनाचे पैसे कोण देणार, डिझायनर की त्याचा क्लायंट, हे पहिल्याच भेटीत ठरवा. डिझायनर देणार असेल तर रेट थोडा कमी धरायला हरकत नाही, कारण क्लायंट शोधायची आणि वसुलीची डोकेदुखी त्याची. पण ‘क्लायंटचे पैसे आले की तुझे देतो’ ही अट मान्य करू नका. त्याची उधारी तुमच्या गळ्यात येते.

आता फॉन्टची गोष्ट, कारण या एका गोष्टीवरून नव्या लेखकाचं नाव खराब होतं. तुम्ही यूनिकोडमध्ये लिहिता. बऱ्याच प्रेसमध्ये अजून श्रीलिपीचे जुने फॉन्ट आणि पेजमेकर किंवा कोरलची जुनी आवृत्ती असते. तिथे तुमचा मजकूर सरळ चिकटवला तर चौकोन उमटतात, आणि कन्व्हर्टरमधून नेला तर कुठेतरी रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी भलत्याच जागी बसते, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तुटतो. चुका प्रेसच्या, पण छापून आल्यावर अध्यक्ष फोन तुम्हालाच करतात. म्हणून:

– काम घेतानाच विचारा, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये आणि कुठल्या फॉन्टमध्ये लागणार आहे.
– वर्ड फाइलसोबत त्याच मजकुराची पीडीएफ द्या, म्हणजे जुळवणाऱ्याला मूळ कसं होतं ते दिसतं.
– कन्व्हर्ट झाल्यानंतरचं प्रूफ वाचल्याशिवाय ‘छापा’ म्हणू नका. आधी माणसांची नावं, मग पदं, मग आकडे, मग बाकीचं.
– संचालक मंडळाची यादी क्लायंटकडून सही करून घ्या. नावाचा क्रम चुकला तर ती व्याकरणाची चूक राहत नाही, राजकारण होतं.

५. थेट मालकाकडे जाताना

दहा कंपन्यांची यादी करा, शंभराची नको. प्रत्येकाची वेबसाइट, फेसबुक पान, प्रदर्शनात वाटलेलं पत्रक बघा आणि एक नेमकी अडचण शोधा. गोकुळ शिरगावसाठी गोशिमा, शिरोलीसाठी स्मॅक, शहरातल्या उद्योजकांसाठी कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन अशा संघटना आहेत. बिल्डरांच्या क्रेडाई संघटनेचं ‘दालन’ किंवा भीमा कृषी प्रदर्शन भरलं की स्टॉल-स्टॉल फिरा आणि पत्रकं गोळा करा. स्टॉलवर धंदा विचारू नका, त्या दिवशी त्यांचं लक्ष गिऱ्हाइकावर असतं. आठवड्याने फोन करा.

पहिला मेसेज असा काहीतरी असावा:

‘नमस्कार साहेब. मी राजारामपुरीत राहतो, कंपन्यांसाठी मराठी आणि इंग्रजी कॅटलॉगचा मजकूर लिहितो. तुमच्या पत्रकात पंपांचा डिस्चार्ज आणि हेड दिलंय, पण आपल्या विहिरीला कुठला पंप चालेल हे शेतकऱ्याला त्यावरून कळत नाही. त्या पानाचे पहिले दोन परिच्छेद नव्याने लिहून सोबत जोडलेत. या आठवड्यात दहा मिनिटं भेटायला येऊ का?’

दोन परिच्छेद फुकट द्यायचे, अख्खं पान नाही. पूर्ण पान ‘सॅम्पल म्हणून’ मागणारा बऱ्याचदा तेच छापून मोकळा होतो.

भेटीत चहा होईल, गावाकडचं कोण हे निघेल, कुठल्या तालमीचे विचारलं जाईल. घाई करू नका, हा वेळ वाया जात नाही. मात्र शेवटी ‘बघूया की, करतो फोन’ आलं तर तिथेच उठू नका. ‘तुम्ही गडबडीत असता, मीच गुरुवारी सकाळी करू का?’ म्हणा आणि गुरुवारी सकाळी करा. तिसऱ्या फोनलाही तारीख मिळाली नाही तर यादीत पुढे सरका. सहा महिन्यांनी पुन्हा.

६. हंगाम ओळखा

लेखनालाही गळीत हंगाम असतो.

सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे अहवालाची घाई जुलैपासून सुरू होते. पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाना, सेवा सोसायटी, सगळ्यांना एकदमच अध्यक्षीय मनोगत हवं असतं. मे महिन्यातच संस्थेच्या सचिवांना भेटून ठेवा, नाहीतर ते गेल्या वर्षीच्या अहवालातले आकडे बदलून मोकळे होतात. तुम्ही आकड्यांना हात लावायचा नाही, ताळेबंद लेखापरीक्षकाचा. तुमचं काम मनोगत, आढावा आणि पुढच्या योजना, आणि ते सभासदाला वाचावंसं वाटेल अशा भाषेत.

शाळा-कॉलेजांची पत्रकं मार्च ते मे. दिवाळी अंकांच्या जाहिराती आणि पुरवण्यांचा मजकूर ऑगस्टपासून. स्मरणिकांना हंगाम नसतो पण त्या सर्वात चांगलं काम देतात: संस्थेचा इतिहास, जुन्या माणसांच्या मुलाखती, फोटोओळी. त्यासाठी जुने संदर्भ शोधावे लागतात. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर अशा वेळी उपयोगी पडतं. स्मरणिकेचा रेट ठरवताना हा शोधाशोधीचा वेळ धरा.

निवडणुकीचा हंगाम वेगळाच. काम भरपूर, पैसे रोख, आणि निकालानंतर पडलेल्या उमेदवाराचा फोन लागत नाही. करायचंच असेल तर पूर्ण रक्कम आधी.

७. काय लिहून द्यायचं नाही

क्लायंट म्हणेल ‘लिहा की, कोण बघतंय’. पण खालच्या गोष्टी बघितल्या जातात.

आयुर्वेदिक औषधवाला ‘मधुमेह मुळापासून बरा’ लिहायला सांगतो. १९५४ च्या औषधं आणि जादूटोणा उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने मधुमेहासह ठराविक आजारांबाबत असा दावा करायला बंदी आहे. डॉक्टर, वकील आणि सीए यांच्यावर त्यांच्या परिषदांचे जाहिरातीचे निर्बंध असतात. त्यांच्यासाठी माहितीपर लेख लिहा, ‘शहरातले नंबर एक’ लिहू नका. बिल्डरच्या जाहिरातीत महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक लागतोच, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. तुमच्या मजकुरात त्याची जागा सोडा.

आणि कोल्हापुरी चपलेबद्दल लिहिताना छाती फुगवून ‘फक्त कोल्हापुरातच बनते’ असं लिहू नका. २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडचं आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये तशा चपला दिसल्यानंतर ज्याने त्याने चपलांवर लिहून घेतलं. ग्राहक आता गुगल करून बघतो.

८. रेट, अॅडव्हान्स आणि वसुली

शब्दावर रेट लावू नका. मराठीत नेटकं लिहिण्याचं कसब म्हणजे शब्द कमी करणं, आणि त्याची शिक्षा तुम्हालाच का? कामावर रेट सांगा. हिशेब असा करा: महिन्याला ३०,००० हवेत, आणि भेटी, फोन, प्रूफ वगळून प्रत्यक्ष लिहायला १२ दिवस उरतात असं धरलं, तर दिवसाचे २,५०० झाले. कॅटलॉगला चार दिवस लागणार असतील तर १०,००० च्या खाली उतरू नका. ‘कमी करा की’ म्हटलं तर रक्कम कमी करताना कामही कमी करा: बारा पानांऐवजी आठ.

काम ठरलं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लिहून पाठवा: काय देणार, कधी देणार, दोनदा दुरुस्ती यात धरलेली, तिसऱ्यांदा वेगळे पैसे, अर्धी रक्कम आधी आणि उरलेली मजकूर मंजूर झाल्यावर. ‘छापून झाल्यावर’ नको, छपाई सहा महिने अडकते. समोरून ‘ओके’ आलं पाहिजे, नुसता अंगठा नको. मजकूर किती काळ आणि कुठे वापरणार तेही त्यात घाला. हक्क पूर्ण द्यायचे असतील तर त्यासाठी लेखी करार लागतो, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षं धरली जाते.

टीडीएसने, म्हणजे पैसे देतानाच कापलेल्या आयकराने, गोंधळू नका. एका क्लायंटकडून वर्षाला ५०,००० च्या वर व्यावसायिक फी गेली की कंपनी साधारणपणे १० टक्के कापते. ते बुडालेले नसतात, तुमच्या पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरताना हिशेबात येतात. पॅन दिला नाही तर २० टक्के कापले जातात. कापलेले पैसे आयकर पोर्टलवर तुमच्या टॅक्सच्या पत्रकात दिसतात का ते दर तिमाहीला बघा. दिसत नसतील तर अकाउंटंटला फोन.

बिल थकलं तर उद्यम नोंदणी कामाला येते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या (एमएसएमई) कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण तक्रारीआधी एक सौम्य हत्यार आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. सीए मंडळी याला ‘४३ बी एच’ म्हणतात. मालकाऐवजी अकाउंट्स विभागाला उद्यम प्रमाणपत्राची प्रत पाठवून ‘३१ मार्चआधी क्लिअर झालं तर बरं’ एवढंच लिहा. मालकाशी संबंध बिघडत नाहीत आणि फाइल हलते.

९. काम संपल्यावर

मजकूर छापून आला की दोन प्रती मागून घ्या, एक तुमच्या फाइलला, एक पुढच्या भेटीत दाखवायला. ते काम इतरांना दाखवायची परवानगी मेसेजवर घ्या. मग पैसे जमा झाल्याच्या दिवशी, नंतर नाही, विचारा: ‘तुमच्या ओळखीत अजून कुणाचं असं काम निघणार आहे का?’ ‘कुणी असलं तर सांगा’ असं मोघम नको. त्यांच्या शेजारच्या प्लॉटवरची कंपनी, त्यांचा व्हेंडर, त्यांच्या पतसंस्थेचे सचिव, नाव घेऊन विचारा. त्यांच्याच फोनवरून जोडून दिलं तर सर्वात चांगलं. वहीत त्या नावासमोर ‘कुणाकडून’ हा रकाना ठेवा. वर्षाअखेरीस कुठल्या माणसाकडून किती कामं आली ते दिसतं, आणि दिवाळीचा फराळ आधी कुणाकडे पोचवायचा तेही ठरतं.